सहलीचा हंगाम कोण ठरवितो?

दिवाळीची सुटी दृष्टिपथात आली, की जयसिंगपूरसारख्या गावातून शिक्षक, बँकांतील कारकून, कचेऱ्यांतील नोकरदार यांच्या घरोघरी एकच खल सुरू होतो : यंदा कोठे जावयाचे? पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, की तेथे 'सीझन' केव्हा असतो? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा छापील असते. प्रवासी कंपन्यांची माहितीपत्रके घ्या, नाहीतर परदेशी पाहुण्यांसाठी लिहिलेली मार्गदर्शक पुस्तके घ्या; भारतात हिंडावयाचे तर ऑक्टोबर ते मार्च, असे ती एकमुखाने सांगतात. उरलेले सहा महिने म्हणजे जणू या देशाने कशीबशी काढावयाची शिक्षाच! ज्या देशात जैसलमेर आहे आणि चेरापुंजीही आहे, त्याच्या गळ्यात एकच हंगाम बांधण्याचा हा प्रकार जरा तपासून पाहण्याजोगा आहे. तो निमूटपणे मान्य केल्याने प्रवाशाचे पैसे पुष्कळदा वाया जातात आणि तो ज्या स्थळी जातो त्या स्थळाचेही नुकसान होते.

ऑक्टोबर ते मार्च हा सल्ला चुकीचा आहे असे नाही. अंगाला घाम न येता राजवाडे, लेणी आणि बाजार पाहावयाचे असतील, तर तो योग्यच आहे. पण निसर्ग पाहावयास निघालेल्या माणसाला तो फारसा उपयोगी नाही. थंड देशांतील माणूस ऋतू मोजतो तो तापमानाने. तेथे बर्फ पडते, वितळते, पालवी फुटते, पाने गळतात. सारे चक्र उष्णतेच्या कमीअधिकपणावर फिरते. उष्ण कटिबंधात तसे नाही. कोल्हापूर भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये एकाच दिवसाच्या दुपारी आणि पहाटे यांच्या तापमानात जेवढे अंतर पडते, तेवढे सर्वांत थंड आणि सर्वांत उष्ण महिन्यांच्या सरासरीतही पडत नाही. येथील ऋतू घडवितो तो पाऊस. जयसिंगपूर ज्या शिरोळ तालुक्यात आहे, तेथे वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पश्चिमेस शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या गगनबावड्याला तो पाच हजारांच्या वर जातो. एका जिल्ह्याच्या दोन टोकांत इतके अंतर असता संबंध जिल्ह्याचा 'उत्तम हंगाम' तरी एक कसा असावा?

मग आपल्या डोक्यात बसलेला 'सीझन' आला कोठून? त्याचे मूळ साहेबाच्या वेळापत्रकात आहे. सर जॉन माल्कम हे १८२७ ते १८३० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. त्यांनी महाबळेश्वरला थंड हवेच्या ठिकाणाचे रूप दिले. पुढे गव्हर्नरांनी उन्हाळ्यात महाबळेश्वरी, पावसाळ्यात पुण्यास आणि हिवाळ्यात मुंबईस राहावयाचे, अशी रीतच पडली. उन्हाळ्यात न्यायालये बंद, शाळा बंद, महाविद्यालये बंद. स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, पण त्याची मे महिन्याची सुटी राहिली आणि मध्यमवर्गाने ती आपलीशी केली. म्हणजे आज जो हंगाम म्हणून ओळखला जातो तो रजेचा हंगाम आहे. निसर्गाला त्याची खबरही नाही.

याउलट शेतकऱ्याचे पंचांग पाहावे. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू असे करीत स्वातीपर्यंत तेरा-चौदा दिवसांचा एकेक तुकडा, आणि प्रत्येकाचा पाऊस निराळा, काम निराळे. निसर्गप्रवासाला खरे तर हेच माप लागू पडते. काजव्यांचेच उदाहरण घ्या. साधारण २५ मे ते ७ जून हा रोहिणीचा काळ. वळवाचे दोनचार सडे पडून गेलेले, मृगाची झड अद्याप लागलेली नाही, अशा दिवसांत राधानगरीच्या जंगलात आणि तिकडे भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांनी झाडे लखलखतात. मोठा पाऊस बसला, की तो देखावा सरत जातो. एप्रिलमध्ये गेलेल्याला काही दिसत नाही आणि जुलैत गेलेल्यालाही नाही. पुढे मृग-आर्द्रात आंबोलीला बेडकांच्या आवाजाने रात्र भरून जाते. पण रविवारी दुपारी धबधब्याखाली उभे राहून परतणाऱ्या मोटारींना त्याचा पत्ता नसतो.

कासच्या पठाराची गोष्ट याहून बोलकी आहे. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरील हे जांभ्या दगडाचे पठार उन्हाळ्यात पाहिले, तर कोणीही विचारील, की येथे पाहावयाचे काय? खडकावर मातीचा थर नाममात्र. पण तोच थर पावसात भिजून ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत फुलांनी झाकला जातो, आणि तोही एकाच फुलाने नव्हे. गेंदाचे पांढरे ठिपके, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पट्टा, तेरड्याचा गुलाबी आणि मग सोनकीचा पिवळा रंग, असा पालट होत जातो. पूर्वा नक्षत्रात पाहिलेले पठार हस्तात ओळखू येत नाही. पश्चिम घाटातील ज्या स्थळांचा २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यांत कास आहे आणि राधानगरीही आहे.

राधानगरीची रीत मात्र उलटी. १९५८ साली दाजीपूर येथे गव्यांसाठी राखलेले हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने अभयारण्य. पावसाळ्यात ते पर्यटकांना बंद असते आणि हिवाळ्यात झाडी इतकी दाट असते, की दहा पावलांवरचा गवा दिसू नये. उन्हाळ्यात लहानसहान पाणवठे आटले, की कळप उरलेल्या पाण्याकडे वळतात आणि माणसाच्या दृष्टीस पडतात. ताडोबातही हेच. चंद्रपूरचा पारा पंचेचाळिसाकडे झेपावतो तेव्हाच तेथे वाघ दिसण्याचा संभव अधिक; जुलै ते सप्टेंबर गाभ्याचे जंगल बंद. उजनीच्या जलाशयावर भिगवणला पाणी ओसरून चिखलाचा काठ उघडा पडू लागला, की रोहित पक्ष्यांना चरावयास जागा होते. हिवाळ्याचा उत्तरार्ध हा तेथील खरा काळ. तेव्हा हंगाम कोणता, हे विचारण्याआधी पाहावयाचे काय, हे ठरविले पाहिजे. वाघ आणि फूल एकाच सहलीत मागणाऱ्याला दोन्हींतले काहीच मिळत नाही.

पावसाळ्याविषयी मात्र थोडे थांबून बोलावयास हवे. चातुर्मासात प्रवास करू नये, असा जुना संकेत आहे. शिरोळ-हातकणंगले भागात जैन समाज मोठा. तेथे चातुर्मासात मुनी एका गावी मुक्काम करतात, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यामागील कारण विचारात घेण्यासारखे आहे. या चार महिन्यांत जमीन जिवंत होते. अंकुर, कृमी, कीटक यांनी पाऊलवाट भरलेली असते आणि चालणाऱ्याच्या पायाखाली जीव जातात. वन्यजीवशास्त्राचा अभ्यासक अभयारण्ये पावसाळ्यात बंद का ठेवावीत, हे सांगताना याहून फार निराळे बोलणार नाही. दुसरीकडे याच काळात वारकरी आषाढाच्या पावसात चालत पंढरीस जातात. आणि जयसिंगपूरच्या जवळच नरसोबाच्या वाडीला कृष्णेचे पाणी चढून, पादुकांना स्पर्श करून दक्षिणद्वारातून बाहेर पडू लागले, की स्नानाला झुंबड उडते. पावसाळ्यात घराबाहेर पडावयाचेच नाही, असे आपल्या लोकांनी कधी मानले नाही. पण कोठे जावयाचे आणि कोठे नाही, याचा काही शिरस्ता होता.

तो शिरस्ता आता सुटला आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चौघांचा बळी गेला. हे दोन्ही दिवस रविवार होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नोकरदाराला पाऊस पाहावयाचा तर रविवारीच पाहता येतो. आणि एकाच दिवशी सारे निघाले, की दहांना पेलणारी जागा शेकडोंच्या पायांखाली येते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रश्नाचे मर्म येथेच आहे. जयसिंगपूरच्या वाचकाला हे समजावयास साखर कारखान्याचे उदाहरण पुरेसे व्हावे. कारखाना वर्षातील काही महिने गाळप करतो आणि उरलेले महिने थांबतो. यंत्रांचा, कर्जाचा, कायम नोकरांचा बारमाही खर्च मात्र त्या गळिताच्या हंगामातूनच काढावा लागतो. थंड हवेच्या ठिकाणच्या निवासगृहाचे गणित हेच आहे. मे महिन्यात आणि दिवाळीत वर्षाचा खर्च वसूल करावयाचा, म्हणून त्या दिवसांत दर चढतात. ज्याला रजा केवळ मे महिन्यातच मिळते, त्या शिक्षकाच्या खिशातून हा चढा दर जातो. ज्याला केव्हाही सवड काढता येते, तो व्यापारी त्याच खोलीत स्वस्तात राहून येतो. कारखान्याला निदान उसाचे बंधन आहे. पर्यटनाच्या हंगामाला सुटीच्या यादीवाचून दुसरे कोणते बंधन आहे?

गर्दीचा दुसरा भार स्थळावर पडतो आणि त्याची पावती कोणी फाडत नाही. कासवर शनिवार-रविवारच्या रेट्यात फुले तुडविली जाऊ लागली, तेव्हा वन विभागाने आणि आसपासच्या गावांच्या समित्यांनी प्रवेशशुल्क, आगाऊ नोंदणी आणि दिवसाकाठी तीन हजार माणसांची मर्यादा असे उपाय योजले. ते आवश्यकच होते. काजव्यांच्या जंगलात मोटारींचे दिवे आणि विजेऱ्या यांचा लखलखाट झाला, तर ज्या प्रकाशाच्या खुणेने काजव्यांचे नर-मादी परस्परांना शोधतात ती खूणच पुसली जाते. तेथे शुल्काने भागत नाही. संख्याच आवरावी लागते.

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या चिमुकल्या देशाने आपल्या पावसाळ्याला 'हिरवा हंगाम' असे नाव देऊन त्या महिन्यांतही प्रवासी आणण्याचा प्रयत्न केला आहे. आपल्याकडेही 'वर्षा-सहली'च्या जाहिराती झळकतात. पण नाव बदलल्याने दरड कोसळावयाची थांबत नाही. २०२१ च्या जुलैत पन्हाळ्यावर जाणारा रस्ताच खचला होता. खरा उपाय रजेच्या वाटणीत आहे. जर्मनीत निरनिराळ्या राज्यांच्या उन्हाळी सुट्या वेगवेगळ्या तारखांना लागतात. फ्रान्समध्ये हिवाळी आणि वसंताच्या सुट्यांसाठी देशाचे तीन विभाग पाडले आहेत. हे आपल्याला अपरिचित वाटावयाचे कारण नाही. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात, म्हणजे एका राज्यात दोन वेळापत्रके चालू शकतात, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. मग कोल्हापूर-सातारा भागातील शाळांना मे महिन्यातील चार दिवस कापून ते सप्टेंबरात देता येणार नाहीत, असे थोडेच आहे? परीक्षा, पोर्शन, सत्राचे दिवस या अडचणी खऱ्या आहेत. पण त्या चार दिवसांच्या अडचणी आहेत.

शिवाय पाऊसही आता जुन्या तारखा पाळीत नाही. हवामानखात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमनाच्या आणि परतीच्या तारखा नव्याने ठरविल्या. वायव्य भारतातून पाऊस परतू लागण्याचा दिवस १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेला. २०२५ साली तर मेच्या अखेरच्या आठवड्यातच तो कोकणात उतरला. केरळात बारा वर्षांनी एकदा फुलणारी नीलकुरिंजी २०१८ मध्ये फुलणार म्हणून मुन्नारच्या परिसरात कितीतरी आधीपासून तयारी चालली होती. ऐन ऑगस्टात महापूर आला आणि रस्ते बंद झाले. वर्षभर आधी आरक्षण करून ठेवलेला हंगाम हा पुढे पुढे जुगारच ठरणार. ज्याला दोन दिवसांच्या सूचनेवर रजा मिळू शकते, त्यालाच आभाळ पाहून निघता येईल.

यात सर्वांत मोठी गैरसोय होते ती विद्यार्थ्यांची. एस.टी. महामंडळ शालेय सहलींना निम्म्या भाड्याची सवलत देते आणि खेड्यापाड्यांतील कित्येक मुलांचा घराबाहेरचा पहिला प्रवास या सवलतीवरच होतो. या सहली निघतात त्या डिसेंबर-जानेवारीत. रस्ते कोरडे, पालक निश्चिंत, अभ्यासक्रम बराचसा आटोपलेला. मुख्याध्यापकांनी हाच काळ पसंत करावा, हे समजण्यासारखे आहे. पण जीवशास्त्राच्या पुस्तकात कीटकभक्षी वनस्पती शिकणाऱ्या मुलाला सीतेची आसवे ही तशीच एक वनस्पती आहे आणि ती पन्हाळ्यापलीकडच्या मसाई पठारावर वाढते, हे प्रत्यक्ष दाखवावयाचे, तर सप्टेंबर उजाडल्यावर, मुसळधार सरून उघडीप पडू लागली असता निघावे लागेल. जयसिंगपूरहून सकाळी निघालेली गाडी संध्याकाळी परत येते. मुक्कामाचा खर्च नाही, कोकणात उतरणारा एकही घाट वाटेत नाही. बहुतेक शाळांतून सहलीचे प्रस्ताव मात्र दिवाळीच्या सुटीनंतर तयार होतात. तोवर मसाईवरचे गवत पिवळे पडलेले असते.