एका फुटाला अर्धा इंच

ग्वाल्हेरकरांना प्रतिकृती ही वस्तू अपरिचित नाही. जयविलास राजवाडा पाहावयास आलेला पाहुणा भोजनगृहातील चांदीची आगगाडी पाहिल्यावाचून परतत नाही. १८७४ साली पूर्ण झालेल्या या राजवाड्यात, भोजनाच्या लांबलचक मेजावर घातलेल्या रुळांवरून ही लहानशी गाडी पाहुण्यांपुढे पेये घेऊन फिरत असे. तिच्या डब्यांवर शिंदे घराण्याचे नाव एकेका इंग्रजी अक्षराने लिहिलेले आहे. डब्यातील काचपात्र उचलले की गाडी जागीच थांबे, अशी तिची योजना होती. प्रतिकृतीचा दुसरा प्रकार मराठी घरांतील मुलांच्या हातचा. दिवाळीत अंगणात दगडमातीचा किल्ला रचून त्यावर अळीव पेरणारी मुले एका अर्थी प्रतिकृतीच घडवीत असतात.

या दोहोंपेक्षा निराळ्या अशा एका तिसऱ्या प्रकाराविषयी येथे लिहावयाचे आहे. त्यात चांदीची झळाळी नसते, आणि किल्ल्याप्रमाणे केवळ कल्पनेवरही भागत नाही. डोळ्यांपुढची एखादी वापरातील वस्तू मोजून, ठरलेल्या प्रमाणात, हाती लागेल त्या सामानातून मुळापासून घडवायची. आणि मग तिच्यावर वापराच्या खुणाही तितक्याच प्रमाणशीर उमटवायच्या, असा हा छंद आहे.

परदेशात तो फार पसरलेला आहे. तेथे मोटारींचे तयार सुटे भाग पेटीत मिळतात. परंतु खरे कसबी लोक पेटी बाजूस ठेवून सर्व भाग स्वतः घडवितात. त्यांच्या आवडीचा एक विषय म्हणजे अमेरिकेतील ‘रॅट रॉड’. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील तरुण जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेऊन, अनावश्यक भाग काढून टाकून, त्या वेगवान करीत. पुढे या गाड्या इतक्या चकचकीत आणि महाग झाल्या की सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिल्या नाहीत. त्यावरील प्रतिक्रिया म्हणून गंजलेल्या पत्र्याची, जोडलेल्या भागांची, रंग न दिलेली गाडी मुद्दाम रस्त्यावर आणण्याची रीत पडली. तीच रॅट रॉड. तिच्यावरील गंज पुष्कळदा हौसेने राखलेला, प्रसंगी आणलेलाही असतो.

आपल्याकडे अशी हौस करण्याची गरज नाही. आपली जुनी मालमोटार ही मुळातच हाताने घडविलेली वस्तू आहे. टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने १९५४ साली जमशेदपूर येथे मालमोटारी बनविण्यास आरंभ केला. तो करार १९६९ साली संपला आणि गाडीच्या तोंडावरील ताऱ्याच्या जागी टाटांचे चिन्ह आले. परंतु कारखान्यातून बाहेर पडे ती बहुधा चासी, म्हणजे सांगाडा, इंजिन, चाके आणि पुढचा थोडा पत्रा. चालकाची खोली, मागचा हौदा, त्याचे फाळके, टपावरची सामानाची जागा हे सारे गावोगावचे सुतार, लोहार आणि रंगारी बांधीत. त्यामुळे एकाच कारखान्याच्या दोन गाड्या सहसा तंतोतंत सारख्या नसत. अलीकडे तयार केबिनच्या गाड्या वाढल्या आहेत, आणि ही कारागिरी हळूहळू मागे पडत आहे.

ग्वाल्हेर हे आग्रा-मुंबई रस्त्यावरील गाव. येथून निघालेला रस्ता शिवपुरी, गुणा, इंदूर असा उतरत धुळे-नाशिककडे जातो. आपल्यापैकी अनेकांचे मूळ गाव याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. गेल्या वर्षी आमच्या शाळेतील विज्ञान-मंडळाच्या आठ विद्यार्थ्यांनी प्रदर्शनासाठी काही करण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा उपग्रह आणि ज्वालामुखी यांचे नेहमीचे प्रस्ताव बाजूस ठेवून मी त्यांना या रस्त्यावरील एक जुनी मालमोटार घडविण्याचे सुचविले. मोजमापासाठी गाडी दूर शोधावी लागली नाही. मंडळातील एका मुलाचे वडील चालक आहेत. त्यांच्या ओळखीने एका आवारात उभी असलेली जुनी टाटा गाडी आम्हास दोन रविवार मोजावयास मिळाली.

प्रमाण निवडले एकास चोवीस. याचा लाभ असा की एका फुटाला बरोबर अर्धा इंच येतो आणि गणित तोंडी होते. सोळा फुटांचा हौदा आठ इंचांचा झाला, सात फुटांची रुंदी साडेतीन इंचांची. खऱ्या गाडीचे ९.००-२० मापाचे टायर उंचीला सुमारे १,०१८ मिलिमीटर असते. प्रतिकृतीत ते सुमारे ४२ मिलिमीटर भरले. साडेपाच फूट उंचीचा चालक पावणेतीन इंचांत बसला. एक इंच जाडीची फळी मात्र जेमतेम एक मिलिमीटर होते, आणि येथेच मुलांच्या हाताची परीक्षा लागली.

सामान सगळे घरातले. सांगाडा पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून केला. चाकांसाठी पुठ्ठ्याच्या चकत्या कापून, जोडून, काचकागदाने कडा गोल केल्या. पाटे, ज्यांना इकडचे मिस्त्री कमानी म्हणतात, ते लग्नपत्रिकांच्या पट्ट्यांचे झाले. डिझेलची टाकी औषधाच्या डबीतून निघाली, धुराची नळी वापरून संपलेल्या रिफिलमधून. पत्र्यावरील रिबिटा उठविण्यासाठी जाड कागद पालथा घालून बोथट सुईने मागून दाबला. फळ्यांसाठी आइस्क्रीमच्या काड्या तासून घेतल्या. या कामास अडीच महिने लागले.

गाडी उभी राहिली आणि तिला तांबडा-पिवळा रंग चढला, तेव्हा ती फार सुबक दिसू लागली. परंतु ती कोठल्याही रस्त्यावरून गेली असेल, असे काही वाटेना. या कामाचा अवघड भाग तेथून पुढे सुरू झाला.

गंज दाखविणे म्हणजे तपकिरी रंग शिंपडणे नव्हे. गंज जेथे पाणी साचते तेथे धरतो. दाराच्या खालच्या कडेस, पत्र्याच्या जोडांत, चाकामागे जेथे खडी उडून रंग फुटतो तेथे. टपाच्या मधोमध तो सहसा नसतो. तेथे उन्हाने रंग फिका पडतो. उन्हापावसातील लाकूड तपकिरी राहत नाही, राखी होते. हौद्याच्या तळाशी मधला पट्टा पोती ओढून ओढून गुळगुळीत झालेला असतो, कडांना मात्र जुना रंग टिकलेला असतो. टाकीच्या झाकणाखाली सांडलेल्या डिझेलवर धूळ बसून काळा ओघळ तयार होतो. मुलांनी या सर्व जागांची यादी केली आणि प्रत्येक खुणेपुढे तिचे कारण लिहिले. ज्या खुणेचे कारण सांगता येणार नाही ती काढावयाची नाही, असा आम्ही नियम ठरविला.

गंजाचा रंग विकत आणावा लागला नाही. तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइडच. गंजही मुख्यत्वे त्याच कुळातला. गेरूची पूड पातळ गोंदात कालवून लावली. रंगाचे पोपडे दाखविण्याची युक्ती अशी : प्रथम गेरुवा तैलरंग देऊन तो पूर्ण वाळू द्यावा. नंतर पोपडे हवेत तेवढ्याच जागी पाण्याचा हात फिरवून मीठ भुरभुरावे, आणि पाणी सुकल्यावर वरचा तैलरंग उघड्या हवेत फवारावा. तो वाळला की मीठ ओल्या कुंचल्याने घासून काढावे. खालचा गंज उघडा पडतो. येथेही प्रमाण विसरून चालत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा मिठाचा कण खऱ्या गाडीवर बारा मिलिमीटरचा पोपडा ठरतो. खडेमीठ वापरले तर पोपडे दोन दोन इंचांचे होतात आणि गाडी एकदम खेळण्यातली दिसू लागते. धुराच्या नळीमागे दिव्याची काजळी बोटाने पुसली. शेवटी चंबळच्या बाजूची पिवळसर माती मलमलीतून चाळून चाकांवर आणि तळाशी बसविली. चाळताना नाकावर रुमाल अवश्य बांधावा.

या यादीत एक खूण कोणालाच सुचली नव्हती. ती त्या चालकाच्या मुलाने सांगितली. हा मुलगा वर्गात वडिलांच्या व्यवसायाविषयी सहसा बोलत नसे. तो म्हणाला, “सर, उजव्या खिडकीच्या कडेवरचा रंग गेलेला पाहिजे. बाबांचा कोपर तेथे असतो.” मग त्याने पायरीची झिजलेली कड दाखविली, आणि दाराच्या मुठीभोवतालचा तेलकट डागही. ते त्याने स्वतःच रंगविले. कुंचला हाती होता तोवर तो सांगत होता : कोणत्या ढाब्यावर वडील थांबतात, सेंधव्याचा घाट उतरताना कोणत्या गिअरमध्ये गाडी ठेवतात, थंडीत पहाटे काच कशाने पुसतात. तीन वर्षांत त्याच्याकडून ऐकली नव्हती इतकी वाक्ये मी त्या एका दुपारी ऐकली.

प्रदर्शनातील एका परीक्षकांनी गाडी उचलून पाहिली आणि विचारले, “इतकी मेहनत केलीत, मग नवा रंग का नाही दिला?” मुलाने उत्तर दिले, “नवी गाडी कोणाचीही असते, सर. ही चाललेली आहे.” बक्षीस दुसऱ्या एका प्रयोगास मिळाले. मुलाचे वडील दुसऱ्या दिवशी गाडी पाहावयास आले. त्यांनी पुष्कळ वेळ काही न बोलता ती फिरवून फिरवून पाहिली, आणि उजव्या खिडकीच्या कडेवर अंगठा ठेवला.

जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरण सरकारने २०२१ साली जाहीर केले. प्रदूषण आणि अपघात ध्यानी घेता ते आवश्यकच आहे. परंतु गाडीबरोबर ती बांधणाऱ्या सुताराची रीत आणि चालविणाऱ्याच्या हातापायांच्या खुणाही भट्टीत जातात. छायाचित्रात रूप राहते. कोणत्या जागी काय झिजले आणि कशाने, हे मोजून घडविल्यावाचून ध्यानात येत नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी सुटीत मुले कंटाळतात, त्यांनी हा उद्योग अवश्य करून पाहावा. मालमोटारच पाहिजे असे नाही. आजोबांची सायकल, आजीचे शिवणयंत्र, गल्लीतील भाजीवाल्याची हातगाडी, काहीही चालेल. मात्र ती वस्तू भंगारात जाण्यापूर्वी मुलांच्या हाती मोजपट्टी द्यावी. आणि ती वापरणारे माणूस घरात असेल तर त्यास मुलांजवळ बसवून, प्रत्येक झीज कशाने झाली ते विचारावयास सांगावे.