खांदेरीसाठी कोणती नाव?

मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका तुम्ही पाहिला असेल. खाली पक्ष्यांचं अभयारण्य, वर किल्ला! पनवेलच्या खाडीकडून बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटांवर नजर ठेवायला जागा अगदी नेमकी. 1665 च्या पुरंदरच्या तहात हा किल्ला मोगलांकडे गेला आणि 1670 मध्ये शिवाजी महाराजांनी तो परत जिंकला. पण डोंगरावर बसून समुद्र राखता येत नाही. त्याला जहाजं लागतात. कसली जहाजं बरं?

"सगळ्यात मोठी!" असंच म्हणालात ना? मग खांदेरीची गोष्ट ऐका.

अलिबागजवळ थळच्या समोर खांदेरी बेट आहे. 1679 मध्ये महाराजांच्या आज्ञेवरून त्यांच्या आरमाराचे सरदार मायनाक भंडारी तिथे किल्ला बांधू लागले. मुंबईचे इंग्रज घाबरले. बेटावर दाणापाणी पोचू नये म्हणून त्यांनी आपली जहाजं मध्ये आणून उभी केली. त्यांच्या मोठ्या जहाजांवर तोफा भारी, पण ती चालायची वाऱ्यावर. वारा पडला की जागच्या जागी! मराठ्यांची गलबतं लहान, उथळ तळाची. शिडं होतीच, शिवाय वल्ही. वारा नसला तरी ती सपसप पुढे जायची आणि रात्रीच्या अंधारात बेटाला सामान पोचवून यायची.

18 ऑक्टोबरला दौलतखानांच्या हाताखालचं मराठ्यांचं आरमार नागावच्या खाडीतून बाहेर पडलं आणि त्याने इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं जहाज पकडलं. पण 'रिव्हेंज' या मोठ्या जहाजाच्या तोफांनी असा मारा केला, की मराठ्यांना खाडीकडे परतावं लागलं. आता गंमत बघा. खाडीतल्या उथळ पाण्यात गलबतं शिरली, 'रिव्हेंज'ला मात्र आत जाता येईना! म्हणजे उघड्या समुद्रात मोठं जहाज वरचढ, खाडीच्या तोंडाशी लहान. जानेवारी 1680 मध्ये इंग्रजांनी माघार घेतली. किल्ला उभा राहिला.

मला ही लढाई फार आवडते, कारण आजचं नौदलही असेच प्रश्न विचारतं. लढायचं कुठे? पाणी किती खोल? शत्रूकडे काय आहे? आपल्या गोदीत काय बांधता येईल?

खांदेरीचं नाव मिळालेली एक पाणबुडी आज आपल्या नौदलात आहे. मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेली ही पाणबुडी 28 सप्टेंबर 2019 ला नौदलात आली. ती पाण्याखाली बॅटरीवर चालते, म्हणून आवाज अगदी थोडा. पाणबुडीला शोधतात ते मुख्यतः आवाजावरून, त्यामुळे गप्प राहणं हीच तिची ढाल. पण बॅटरी संपत आली की ती भरायला डिझेल इंजिन चालवावं लागतं आणि इंजिनाला हवा लागते. मग पाणबुडी पृष्ठभागाजवळ येते आणि एक नळी वर काढून हवा घेते. तेवढ्यात ती दिसू शकते! अणुऊर्जेवरच्या पाणबुडीला इंजिनासाठी हवा लागत नाही, पण ती बांधणं फार खर्चाचं आणि अवघड.

विमानांचंही तसंच, कुठे वापरायचं ते पाहून निवडावं लागतं. कर्नाळ्याच्या झाडीत वळणं घेणाऱ्या भृंगराजाचे पंख आणि आभाळात तरंगणाऱ्या सर्पगरुडाचे पंख वेगळे असतात ना? युद्धनौकेवरचं विमानही नेहमीच्या विमानापेक्षा वेगळं लागतं. आपल्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेची लांबी सुमारे 262 मीटर. एवढ्याशा धावपट्टीवरून विमान उडावं म्हणून तिचं टोक वर उचललेलं आहे. गोव्यात 'आयएनएस हंसा' या तळावर तसाच चढ जमिनीवर बांधलाय. 2022 मध्ये फ्रान्सचं राफेल-मरीन आणि अमेरिकेचं सुपर हॉर्नेट, दोघांनाही तिथून उडून दाखवावं लागलं. आणखी एक अडचण बघा. जहाजाच्या पोटातून विमानं लिफ्टने वर आणतात आणि लिफ्टमध्ये जागा मोजकीच. सुपर हॉर्नेटचे पंख दुमडतात, राफेलचे दुमडत नाहीत. विमान निवडताना असं सगळं मोजावं लागतं! शेवटी एप्रिल 2025 मध्ये 26 राफेल-मरीन घ्यायचा करार झाला.

सगळ्यात कठीण म्हणजे काळाचा अंदाज. खांदेरीच्या जातीच्या सहा पाणबुड्यांचा करार 2005 मध्ये झाला आणि पहिली, 'कलवरी', नौदलात आली डिसेंबर 2017 मध्ये. बारा वर्षं! तेवढ्यात शत्रूची यंत्रंही बदलतात. म्हणून नौदल जुन्या पाणबुडीला नवी शक्तीही देतं. पनवेलच्या उत्तरेला अंबरनाथ आहे ना, तिथल्या संरक्षण प्रयोगशाळेने एक यंत्रणा तयार केली आहे. ती पाणबुडीतच हायड्रोजन तयार करते आणि त्यापासून वीज बनवते. बाहेरच्या हवेची गरज नाही! त्यामुळे पाणबुडीला पाण्याखाली जास्त दिवस राहता येईल. ही यंत्रणा बसवायची कशी, माहीत आहे? पाणबुडी मधोमध कापायची, यंत्रणा असलेला नवा भाग मध्ये घालायचा आणि पुन्हा जोडून टाकायची. तो भाग बांधायचा करार डिसेंबर 2024 मध्ये माझगाव डॉकशीच झाला.