कंडरा-इजा, घोड्यांतील

स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या तंतुमय, चिवट, दोरीसारख्या ऊतकास कंडरा म्हणतात. घोड्याच्या पुढील पायात गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच; वरच्या स्नायूंचा ओढा लांब कंडरांमार्फत खुरापर्यंत पोहोचतो. नळीच्या हाडामागे त्वचेलगत उथळ आकुंचक कंडरा, तिच्या आत खोल आकुंचक कंडरा आणि हाडालगत आधारबंध अशी रचना असते. इजा बहुधा पुढील पायातील उथळ कंडरेस होते.

भरधाव धावताना खुराच्या वरचा सांधा जमिनीकडे झुकतो आणि ही कंडरा स्प्रिंगप्रमाणे ताणली जाऊन पुन्हा आखडते. हा ताण तिच्या लांबीच्या सु. १५ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे तुटण्याच्या मर्यादेच्या अगदी जवळ. शिवाय गाभ्याचे तापमान ४५° से.पर्यंत चढते. वयाबरोबर व श्रमाबरोबर तंतूंची सूक्ष्म झीज साचत जाते आणि एखाद्या दिवशी गाभा फाटतो. दोष त्या दिवशीच्या चुकीच्या पावलाला दिला जातो, पण तो बहुधा अर्धाच खरा असतो.

महाराष्ट्रात हा विकार मुंबईतील महालक्ष्मी (स्था. १८८३) व पुणे येथील शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांत विशेष परिचित आहे. ब्रिटिश काळात अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे लष्करी घोड्यांचा रिमाउंट डेपो होता. या जिल्ह्यात व शेजारच्या पुणे जिल्ह्यात बैलगाडा शर्यतीच्या घाटात बैलांपुढे पळणारी घोडी, तसेच माथेरानच्या चढउतारावरील सवारीचे घोडे यांनाही हा धोका असतो. त्यांची तपासणी मात्र क्वचितच वेळेवर होते.

निदान : लंगडणाऱ्या घोड्यात प्रथम खूर तपासावा, कारण लंगडेपणाचे मूळ पुष्कळदा तेथेच असते : रुतलेला खिळा, पू किंवा चुकीचा नाल. त्यानंतर घोड्याला कठीण व सपाट जमिनीवर चालवून आणि दुडक्या चालीने पळवून पाहतात. पुढील पाय दुखत असल्यास तो टेकताना डोके वर उचलले जाते. मग कंडरा हाताने चाचपतात, एकदा पायावर भार असताना आणि एकदा पाय उचलून, सैल अवस्थेत. उष्णता, सूज व दाबल्यावर वेदना या खुणा दुसऱ्या पायाशी ताडून पाहाव्या लागतात. सूज मोठी असल्यास नळीची मागील रेषा धनुष्यासारखी बाहेर येते. कंडरा पूर्ण तुटल्यास ठेवण बदलते. उथळ कंडरा तुटली तर खुरावरचा सांधा खाली झुकतो. खोल कंडरा तुटली तर खुराचे टोक जमिनीवरून वर उचलले जाते.

श्राव्यातीत तरंगांचा (सोनोग्राफीचा) वापर घोड्यांच्या कंडरांसाठी १९८० नंतरच्या दशकात रूढ झाला आणि निदानाला निश्चिती आली. आडव्या छेदात निरोगी कंडरा एकसारखी उजळ दिसते; फाटलेल्या गाभ्याच्या जागी काळा डाग दिसतो. उभ्या छेदात तंतूंची समांतर मांडणी विस्कटलेली आढळते. थरोब्रेडमध्ये उथळ कंडरेचे छेदक्षेत्र सु. १ चौ. सेंमी. असते, ते वाढले तर इजेचा संशय घ्यावा. पहिल्या काही दिवसांत चित्र प्रत्यक्ष हानीपेक्षा सौम्य दिसू शकते, म्हणून सु. आठवड्याने ते पुन्हा घेणे इष्ट. खुराच्या आतील खोल कंडरेसाठी चुंबकीय अनुस्पंदन चित्रण उपयुक्त ठरते, परंतु ते महागडे व दुर्मिळ आहे.

देखरेख : येथे सर्वाधिक फसवणूक होते. थंड शेक, पट्टी व दाहशामक औषधे यांनी लंगडणे काही दिवसांत किंवा आठवड्यांत थांबते. कंडरा मात्र बरी झालेली नसते. जखमेत प्रथम बारीक, विस्कळीत तंतूंचा व्रण तयार होतो आणि भार सोसण्याजोगी पुनर्रचना होण्यास ९ ते १८ महिने लागतात. मूळचा लवचिकपणा पूर्णपणे कधीच परतत नाही. ‘आता नीट चालतो’ एवढ्यावरून घोड्याला पुन्हा शर्यतीत किंवा कामावर जुंपणे हे दुसऱ्या, अधिक मोठ्या इजेचे नेहमीचे कारण आहे. म्हणून प्रारंभी विश्रांती, मग हाताने धरून चालवणे, नंतर दुडकी आणि शेवटी भरधाव धाव असा क्रम ठेवतात. प्रत्येक टप्प्याआधी, सु. दोन-तीन महिन्यांनी, त्याच पातळीवर व त्याच पद्धतीने सोनोग्राफी करतात. छेदक्षेत्र मागील मापापेक्षा १० टक्क्यांहून अधिक वाढल्यास व्यायाम कमी करावा. तंतूंची समांतर मांडणी सुधारत आहे की नाही, हे उजळपणापेक्षाही महत्त्वाचे मानावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तप्त लोखंडाने कंडरेवर डाग देण्याची प्रथा जुनी आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ अभ्यासात तिचा उपयोग आढळला नाही. डागलेला घोडा सुधारलाच तर तो सक्तीच्या विश्रांतीमुळे. मूलकोशिका व रक्तबिंबाणुयुक्त द्रव टोचण्याच्या नव्या पद्धती आशादायक आहेत, पण त्यांनीही विश्रांतीचा काळ फारसा घटत नाही. जेथे यंत्र नाही तेथे मालकाने रोज सकाळी कामापूर्वी दोन्ही नळ्या हाताने चाचपाव्यात. किंचित उष्णता किंवा जाडी लंगडणे दिसण्यापूर्वी कित्येक दिवस आधी जाणवू शकते.