मांडव घालण्यापूर्वी

पावसाळा सरून सुगी घरात आली की आपल्या गावांतून लग्नाच्या बोलण्यांना प्रारंभ होतो. बेळगाव-खानापूरकडे काय, चंदगड-आजऱ्याकडे काय किंवा गोव्याच्या सीमेलगत काय, रीत थोड्याफार फरकाने एकच. मांडव कोणी घालावा, बँड कोठून आणावा, रोसाला कोणास बोलवावे, पंगतीला किती पाने होतील, याचा हिशेब आजीपासून शेंडेफळापर्यंत सर्वांच्या तोंडी असतो. कोणाचा मान राहून जाऊ नये म्हणून आपली माणसे किती जपतात हे आम्ही पाहतो, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु ज्यांच्यावाचून विवाहच अडतो, त्या गोष्टी बहुधा कोणाच्याच यादीत नसतात. पत्रिका वाटून झाल्यावर त्यांची आठवण होते. म्हणून त्यांपैकी काही येथे सांगतो.

पहिली गोष्ट बाप्तिस्म्याच्या दाखल्याची. ‘फादर, दाखला घरी आहे,’ असे म्हणून पुष्कळजण पंचवीस वर्षांपूर्वीचा पिवळा पडलेला कागद पुढे करतात. तो खोटा नसतो. पण विवाहासाठी तो पुरत नाही. मूळ धर्मग्रामातून नव्याने काढलेला, बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांच्या आतला, दाखला लागतो. यात फादरांचा हट्ट नाही. त्रेंत येथील धर्मपरिषदेने १५६३ साली ठरविले की विवाह धर्मगुरूसमोर व साक्षीदारांसमोर व्हावा, आधी तीन वेळा त्याची जाहीर घोषणा व्हावी आणि त्याची नोंद वहीत राहावी. कारण त्या काळी गुपचूप लग्न करून पुढे ते नाकारणारे व दुसरीकडे नवा संसार मांडणारे पुरुष कमी नव्हते. पुढे १९०७ साली रोमहून निघालेल्या व १९०८ च्या पुनरुत्थान सणापासून अमलात आलेल्या आज्ञेने अशी व्यवस्था झाली की विवाह कोठेही होवो, त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या मूळ वहीत, त्या नावासमोर, व्हावी. जुना कागद केवळ बाप्तिस्मा झाल्याचे सांगतो. ताजा दाखला त्यापुढे काय घडले तेही सांगतो.

आज आपली मुले मुंबई, पुणे, गोवा, आखाती देश अशी दूरदूर नोकरीला जातात. बाप आपली लेक अपरिचित घरी देतो, तेव्हा वर मोकळा आहे की नाही याची खात्री त्याला गोड बोलण्यावरून होणार नाही. तो साधा कागद त्याच्या लेकीचा राखणदार आहे. तो दूरच्या धर्मग्रामातून येण्यास वेळ लागतो, म्हणून तीन महिने आधी मागवावा.

दाखला हाती आला की त्यावरील नाव नीट वाचावे. बाप्तिस्म्याच्या वहीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आधार कार्डावर तिसरे, असे आपल्याकडे सर्रास आढळते. लग्नाच्या दिवशी त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते पुढे, एखादी विधवा पेन्शनसाठी किंवा पतीच्या जमिनीतील हक्कासाठी कचेरीत उभी राहते आणि ‘ही बाई तीच कशावरून?’ असे तिला विचारले जाते तेव्हा. नावातील फरक विवाहापूर्वीच फादरांच्या ध्यानी आणून द्यावा.

दुसरी गोष्ट नात्याची. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या भागात जुनी आहे. परंतु ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार सख्खी मामेभावंडे, आतेभावंडे, चुलतभावंडे व मावसभावंडे यांचा विवाह बिशपांच्या विशेष परवानगीवाचून ग्राह्य ठरत नाही. अशी परवानगी मागावी लागते, तिला सबळ कारण द्यावे लागते, आणि ती मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. वधू वा वर अन्य धर्माचे वा पंथाचे असल्यासही बिशपांची अनुमती लागते. हे लपवू नये.

तिसरी गोष्ट तारखेची. राखेचा बुधवार दरवर्षी सरकतो. २०२४ साली तो १४ फेब्रुवारीला होता, तर २०२५ साली ५ मार्चला. प्रायश्चित्तकाळात थाटामाटाची लग्ने आपण करीत नाही, हे ठाऊक असूनही आधी सभागृह ठरते आणि मग पंचांग पाहिले जाते. क्रम उलटा असावा. गोव्याचे स्थळ असेल तर तेथील कायद्याप्रमाणे नागरी नोंदणीसाठी वधूवरांनी विवाहाच्या बरेच आधी निबंधकाच्या कार्यालयात जावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. विवाह घडतो तो वधूवरांच्या स्वतःच्या संमतीने. ती त्यांच्या वतीने आईबाप देऊ शकत नाहीत, मामा देऊ शकत नाही आणि आम्हीही देऊ शकत नाही. धाक घालून वदविलेला होकार हा होकारच नव्हे, आणि अशा होकारावर उभा केलेला विवाह ख्रिस्तसभा विवाह मानीत नाही. म्हणूनच फादर वधूला व वराला एकेकटे बसवून प्रश्न विचारतात. त्या वेळी एखादी मुलगी मान खाली घालून म्हणते, ‘आता काय सांगू, फादर? पत्रिका छापून झाल्या.’ तिच्या घरी साऱ्या गावाला विचारणे झालेले असते. तिला तेवढे कोणी विचारलेले नसते. आईबापांनो, पहिली सुपारी फुटण्यापूर्वी आपल्या लेकीला जवळ बसवून शांतपणे विचारा, आणि तिचे उत्तर ‘नाही’ असेल तर तेही ऐकून घ्या. मोडलेल्या बोलणीची लाज चार महिन्यांत विरते. मनाविरुद्ध थाटलेला संसार जन्मभर सलतो.

उरलेल्या गोष्टी लहान आहेत. वधूवरांनी आदल्या दिवसाच्या गर्दीपूर्वीच पापनिवेदन करावे. साक्षीदार दोन हवेत, आणि ते वेळेवर हवेत. विधीनंतर वहीवर सह्या केल्याखेरीज फोटोसाठी बाहेर धावू नये. विवाहाचा दाखला मागून घ्यावा, सरकारी नोंदणीची चौकशी करावी आणि दोन्ही कागद घरातील पेटीत जपून ठेवावेत.

तेव्हा मुहूर्त, मांडव आणि मेजवानी यांची बोलणी सुरू होण्याआधी एक संध्याकाळ काढून आपल्या फादरांकडे या. येताना मुलालाही आणा आणि मुलीलाही आणा. त्या एका संध्याकाळीला खर्च काही नाही. आपल्या घरातील मंगल कार्य निर्विघ्न पार पडो आणि नव्या संसारावर प्रभूचा आशीर्वाद राहो, हीच आमची प्रार्थना.