पुस्तक येण्याआधीच शेवट ओळखणारे वाचक

मागच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, वही मिटली, तेव्हा आमच्या गटातल्या एक वहिनी म्हणाल्या, "ताई, आमच्या पोरीला जरा समजवा. नववीला आहे, अन् वहीभर जादूटोण्याचं लिहितेय. तिची पुस्तकंच बंद करणार आहे मी."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. वही पाहिली. जादूटोणा कसला? पोरीने तालुक्याच्या वाचनालयातून आणून हॅरी पॉटरची सहा पुस्तकं वाचलीत. सातवं, म्हणजे शेवटचं, दुसऱ्या कुणीतरी नेलंय. ते परत येईपर्यंत शेवटी काय होणार याचे अंदाज ती लिहून ठेवतेय. प्रत्येक अंदाजापुढे कितवं पुस्तक आणि कितवं पान, हेही लिहिलंय.

वहिनींना मी जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते. पोरगी आत्ता शाळेत असेल, म्हणून शेवटही सांगते. तुम्ही मात्र तिला सांगू नका.

ही पुस्तकं जे. के. रोलिंग या ब्रिटिश लेखिकेची. तान्ही मुलगी सांभाळत, सरकारी मदतीवर घर चालवत या एकट्या आईने पहिलं पुस्तक लिहिलं. ते १९९७ साली आलं. मराठीत त्याचं नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. हॅरी हा आईबाप गेलेला मुलगा. तो जादूच्या शाळेत शिकतो. त्याच्या आईबापांना मारणारा दुष्ट जादूगार व्होल्डेमॉर्ट त्याच्याही जिवावर उठलेला असतो.

सहावं पुस्तक जुलै २००५ मध्ये आलं आणि सातवं जुलै २००७ मध्ये. मधली दोन वर्षं जगभरचे वाचक या पोरीसारखेच वाट बघत होते. त्यांनी जुनी पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचली आणि एकमेकांशी वाद घातले.

सगळ्यात मोठा वाद होता स्नेप या शिक्षकाचा. तो आधी दुष्टाच्या टोळीत होता. "आता तो आपला आहे," असं शाळेचे म्हातारे मुख्याध्यापक डंबलडोर सांगायचे. सहाव्या पुस्तकाच्या शेवटी स्नेपच त्यांना मारतो! काही वाचक म्हणाले, गद्दार निघाला. काही म्हणाले, थांबा, नीट वाचा. मुख्याध्यापकांचा एक हात शापाने काळा पडलाय, तो बरा होत नाहीये. शाळेचा राखणदार हॅग्रिड सांगतो की त्याने त्या दोघांचं भांडण ऐकलं, आणि आता हे काम नको असं स्नेप म्हणत होता. कुठलं काम? पळून जाताना हॅरी समोर सापडला, तरी स्नेपने त्याला जिवे मारलं नाही, दुसऱ्यालाही छळू दिलं नाही. सातव्या पुस्तकात कळलं, शापाने मरणाऱ्या मुख्याध्यापकांनीच स्नेपला ते काम सांगितलं होतं.

दुसरं कोडं एका लॉकेटचं. मोठ्या कष्टाने मिळवलेलं लॉकेट खोटं निघतं. आत चिठ्ठी असते, खाली तीन अक्षरं, आर. ए. बी. खरं लॉकेट नेणारा हा कोण? वाचकांना पाचवं पुस्तक आठवलं. त्यात ब्लॅक घराण्याच्या जुन्या घराची साफसफाई चालते. कपाटातून निघालेल्या सामानात एक जड लॉकेट असतं, कुणालाच ते उघडता येत नाही. एवढा एकच ओझरता उल्लेख. आपण दिवाळीला माळा झाडताना नको ते बाजूला टाकतो ना, तसा. त्याच घरचा धाकटा मुलगा रेग्युलस दुष्टाची टोळी सोडायला निघाला आणि जिवाला मुकला, हेही पाचव्या पुस्तकातच आहे.

पण खात्री कशी करायची? ब्लॅक म्हणजे काळा. आपल्याकडे काळे आडनाव असतं तसं. डच अनुवादात हे आडनाव त्याच अर्थाचं झ्वार्ट्स केलेलं होतं. आणि डच पुस्तकातल्या चिठ्ठीखाली 'बी'च्या जागी 'झेड' आला! नॉर्वेच्या भाषेत आडनाव होतं स्वार्ट, तिथे 'एस' आला. वाचकांनी वेगवेगळ्या देशांतली पुस्तकं ताडून पाहिली आणि अक्षरावरून घराणं ओळखलं. रेग्युलसच निघाला.

तिसरा विषय जादूच्या नियमांचा. आपल्या कहाण्यांमध्ये वसा घेतला की त्याचे नियम पाळावे लागतात. इथेही जादूला नियम आहेत. व्होल्डेमॉर्टने माणसं मारून आपल्या आत्म्याचे तुकडे केले आणि ते वस्तूंमध्ये लपवले. ते सगळे नष्ट झाल्याशिवाय तो मरणार नाही. काही वाचक म्हणाले, एक तुकडा हॅरीमध्येच असणार. तो सापांची भाषा बोलतो, दुष्टाला राग आला की याच्या कपाळावरचा व्रण दुखतो. हे बरोबर निघालं.

चुकलेले अंदाजही पुष्कळ होते. डंबलडोर मेलेच नाहीत, परत येणार, असं कित्येकांना वाटत होतं. माणूस आवडता होता, म्हणून तसं वाटत होतं. पण मेलेल्याला जिवंत करणारा मंत्र नाही, हे पुस्तकांत आधीच सांगितलेलं होतं. ऑगस्ट २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कार्यक्रमात लेखिकेनेही सांगितलं की ते खरंच गेले.

यावरून चांगला अंदाज कसा करायचा ते कळतं. त्याला पुस्तकातला पुरावा हवा. तो पुस्तकाच्या नियमात बसायला हवा. आणि उलट पुरावा मिळाला तर तो सोडायची तयारी हवी. आपल्याला हवं ते घडेल, असं धरून चालत नाही.

मैत्रिणींनो, हे सांगताना मला माझीच चूक आठवते. एका सदस्येने दोन हप्ते बुडवले अशी कुजबुज गटात झाली होती. मीही ती खरी धरली. तिच्याशी चार दिवस नीट बोलले नाही. नंतर बँकेचं पासबुक उघडलं, तर पैसे वेळेवर भरलेले. वहीत नोंद करायची राहिली होती, आणि ती राहिली होती माझ्याकडून. भर बैठकीत मी तिची माफी मागितली. पान उघडून बघायची सवय मला या पोरीच्या वयात लागली असती, तर ती वेळ आली नसती.

वहिनींनी पुस्तकं बंद केली नाहीत. उलट परवा त्याच पोरीला विचारत होत्या, "मग तो मास्तर चांगला की वाईट? कुठल्या पानावर लिहिलंय, दाखव."

तुमच्याही घरी कुणी असं वहीत लिहीत असेल, तर रागवायच्या आधी शेजारी बसून ती वही वाचा. नमस्कार.