स्थळ जुळवावे तसे

ऑक्टोबर महिन्यात फ्लोरिडातल्या ज्युपिटर गावी हायस्कूलच्या मुलांची बेसबॉलची एक स्पर्धा भरते. मैदानांच्या कडेने गोल्फच्या छोट्या गाड्यांची दाटी झालेली असते. गाड्यांत बसलेली माणसे टाळ्या वाजवत नाहीत आणि कुणाची बाजूही घेत नाहीत. कुणाच्या हातात स्टॉपवॉच असते, कुणाच्या मांडीवर वही, आणि होम प्लेटमागच्या जाळीतून रडार गन रोखलेल्या असतात. पलीकडच्या मैदानावर नावाजलेला पिचर चेंडू टाकायला आला, की गाड्यांचा ताफाच तिकडे वळतो. कोण जिंकले याच्याशी त्यांना फारसे देणेघेणे नसते.

ही माणसे म्हणजे कॉलेजांचे कोच आणि व्यावसायिक संघांचे स्काउट. स्पर्धा भरवणारी ‘परफेक्ट गेम’ ही संस्था जेरी फोर्ड यांनी नव्वदच्या दशकात आयोवात सुरू केली. आयोवात थंडी लांबते आणि शाळांचा बेसबॉल इतर राज्यांसारखा वसंतात न होता उन्हाळ्यात होतो. तिथली चांगली मुले कुणाच्या नजरेलाच पडत नव्हती. त्यांना एका जागी आणून बाहेरच्या कोचांना दाखवावे, एवढाच मूळ हेतू होता. त्यातून आज देशभर पसरलेला ‘शोकेस’चा व्यवहार उभा राहिला.

शोकेसला मराठीत नेमका शब्द आपल्याकडे आहेच: दाखवण्याचा कार्यक्रम. मुलगा आधी साठ यार्ड धावतो, कारण पहिल्या बेसपासून तिसऱ्यापर्यंतचे अंतर बरोबर तेवढे असते. सात सेकंदांच्या आत आला तर वहीत काहीतरी लिहिले जाते. आउटफिल्डर लांबून चेंडू फेकून दाखवतो, इनफिल्डर शॉर्टस्टॉपच्या जागेवरून पहिल्या बेसकडे. कॅचरचा ‘पॉप टाइम’ मोजतात: चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये आदळल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंतचा वेळ. अंतर १२७ फुटांहून थोडे जास्त, आणि दोन सेकंदांच्या आसपास वेळ आली तर कोच मान वर करून बघतो. मग बॅटिंग, शेवटी सामना.

हे सगळे कशासाठी, ते आकडेच सांगतात. अमेरिकेत हायस्कूलमध्ये बेसबॉल खेळणारी मुले साधारण पावणेपाच लाख आहेत. त्यांतली शंभरात सात-आठ एनसीएए या मोठ्या संघटनेच्या कॉलेजांत खेळतात, आणि तिच्या सर्वांत वरच्या पहिल्या विभागात पोचतात ती शंभरात जेमतेम दोन. टीव्हीवर दिसतो तो हाच विभाग, त्यामुळे प्रत्येक घराचे डोळे तिथे लागलेले असतात.

बेसबॉलमध्ये पूर्ण शिष्यवृत्ती मिळते ही समजूतही फसवी. कित्येक वर्षे पहिल्या विभागातल्या संघाला एकूण ११.७ शिष्यवृत्त्या देता येत, आणि त्या जास्तीत जास्त २७ खेळाडूंत वाटायच्या. म्हणजे सरासरीने एकाच्या वाट्याला निम्म्याहूनही कमी. उरलेली फी, राहणे, जेवण आईवडिलांकडे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर ही मर्यादा गेली. जी कॉलेजे त्या व्यवस्थेत सामील झाली, ती हवे तर सगळ्या खेळाडूंना पूर्ण शिष्यवृत्ती देऊ शकतात. पण त्याचबरोबर त्यांची खेळाडूंची यादी ४० वरून ३४ वर आली. पैसा मोजक्या श्रीमंत कॉलेजांकडे आहे, जागा मात्र सामील झालेल्या सगळ्याच कॉलेजांत कमी झाल्या.

म्हणूनच मुलाला वाट दाखवणारा माणूस लागतो. तो कधी शाळेचा कोच असतो, कधी उन्हाळी ‘ट्रॅव्हल’ संघाचा, कधी पैसे घेऊन हेच काम करणारा सल्लागार. मला यांतला शाळेचा कोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो, जरी ज्युपिटरच्या गाड्यांत तो दिसत नसला तरी. त्याने मुलाला पावसाळी मंगळवारी, हरलेल्या सामन्यानंतर पाहिलेले असते. कॉलेजचा कोच फोन करून त्याला वेगाचा आकडा विचारत नाही, तो रडारने आधीच दिलेला असतो. मुलगा कसा आहे, हे त्याला हवे असते. साधा ग्राउंडर मारल्यावरही पहिल्या बेसपर्यंत जीव तोडून धावतो का? बाकावर बसवले तर तोंड पाडतो का? आईने आणलेली पिशवी स्वतः उचलतो का? इथे लग्नातल्या मध्यस्थासारखाच विश्वासाचा प्रश्न येतो. एकदा खोटी भलामण केली, की पुढच्या वर्षीच्या मुलांसाठीही त्या कॉलेजचे दार बंद होते.

मुलाने करायची कामेही ठरलेली आहेत. पत्र त्याने स्वतः लिहायचे, बाबांनी नाही. विषयाच्या ओळीतच नाव, हायस्कूल संपण्याचे वर्ष, खेळण्याची जागा, उंची, वजन आणि गुणांची सरासरी. सोबत दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ, गाणी न घातलेला. पिचर असेल तर कॅचरच्या मागून घेतलेला, म्हणजे चेंडू कसा वळतो ते दिसते. आणि शाळेतले सोळा मुख्य विषय पहिल्या वर्षापासून सांभाळायचे, कारण एनसीएएची पात्रता त्यांवर मोजली जाते. नववीतला नापास झालेला गणिताचा पेपर बारावीत आडवा आलेली मुले कमी नाहीत.

पहिल्या विभागातले कोच पूर्वी नववीतल्या, क्वचित आठवीतल्या मुलांकडूनही तोंडी होकार घेत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा खांदा अजून भरायचा असतो. त्या वयात दिलेला शब्द दोन्ही बाजूंनी मोडायचा, आणि मोडल्यावर एकटे पडायचे ते मूल. २०२३ च्या नियमाने हे थांबवले: अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत कोचने मुलाशी बोलणी करायची नाहीत. हा नियम फार आधी यायला हवा होता असे मला मनापासून वाटते.

आता हाताबद्दल, कारण या सगळ्या धडपडीची सर्वांत मोठी किंमत तिथे मोजली जाते. रडारवर ताशी नव्वद मैल दिसले की फोन येतात, हे मुलांना कळले आहे. म्हणून हिवाळ्यातसुद्धा, विश्रांतीच्या महिन्यांत, ती पूर्ण जोर लावून फेकतात. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातला फाटलेला अस्थिबंध नवा बसवला, तेव्हा तो अनुभवी व्यावसायिक खेळाडूवरचा धाडसी प्रयोग होता. आज तीच शस्त्रक्रिया हायस्कूलच्या मुलांवर होते. मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात पिचरांच्या दुखापतींमागे वेगाचा ध्यास हे मुख्य कारण सांगितले आणि शोकेसच्या हंगामाकडेही बोट दाखवले. ‘पिच स्मार्ट’ या मार्गदर्शनानुसार पंधरा-सोळाच्या मुलाने दिवसात ९५ आणि सतरा-अठराच्या मुलाने १०५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत. पण शनिवारी शाळेसाठी आणि रविवारी दुसऱ्या संघासाठी टाकलेले चेंडू एकाच वहीत कोण मांडतो? चांगला मदतनीस मांडतो. ‘या आठवड्यात तू जाणार नाहीस’ असे पैसे भरून झाल्यावरही सांगू शकतो, तोच खरा मदतनीस.

वाट एकच नसते हेही त्यालाच समजावून द्यावे लागते. अल्बर्ट पूहोल्स डॉमिनिकन रिपब्लिकमधून मिझुरीत आला, कॅन्सस सिटीतल्या मेपल वुड्स या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात खेळला, आणि १९९९ च्या व्यावसायिक संघांच्या निवडीत तब्बल तेराव्या फेरीत त्याचे नाव आले. पुढे त्याने ७०३ होमरन मारले. पॉल स्कीन्स हवाई दलाच्या अकादमीत दोन वर्षे कॅचर आणि पिचर दोन्ही होता. मग लुइझियाना स्टेटला गेला, २०२३ मध्ये संघाला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले आणि त्याच वर्षी व्यावसायिक निवडीत पहिला ठरला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रान्सफर पोर्टल’मुळे असे कॉलेज बदलणे आता सोपे आहे. त्याची दुसरी बाजू हायस्कूलच्या मुलांना सोसावी लागते: अठरा वर्षांच्या कोवळ्या मुलापेक्षा कोचला पोर्टलमधला बावीस वर्षांचा तयार गडी परवडतो.

अमेरिकेतल्या भारतीय घरांना कुमार रॉकर हे नाव ठाऊक असते. त्याच्या आईचे आईवडील भारतातून तिकडे गेले. जॉर्जियातल्या हायस्कूलनंतर त्याने व्यावसायिक खेळाऐवजी व्हँडरबिल्ट विद्यापीठ निवडले, आणि पहिल्याच वर्षी, जून २०१९ मध्ये, ड्यूकविरुद्ध एकही हिट न देता १९ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. अमेरिकेतल्या मराठी घरांत मात्र पहिला प्रश्न अजूनही शिक्षणाचाच असतो, आणि त्याचे उत्तर बहुतेकांच्या नजरेआड राहणाऱ्या तिसऱ्या विभागात आहे. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नाहीच. पण विल्यम्स, ॲमहर्स्ट, जॉन्स हॉपकिन्स अशी कॉलेजे तिथे खेळतात. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात कोच मुलाची गुणपत्रिका प्रवेश विभागाकडून आधीच तपासून घेऊ शकतो आणि हा मुलगा आपल्याला हवा असे कळवू शकतो. ज्या कॉलेजात हजारो हुशार मुलांना नकार मिळतो, तिथे या शब्दाला वजन असते.

कॉलेज निवडताना मुलाला एक प्रश्न विचारायची जुनी रीत आहे: उद्या कोपर निकामी झाले आणि बेसबॉल सुटला, तर याच कॉलेजात राहशील का? पुष्कळ मुले या प्रश्नावर गप्प होतात. मग यादीतली दोन-तीन मोठी नावे खोडली जातात.

३१ जुलैच्या रात्री बारा वाजता काही घरांत फोन वाजू लागतात. बाकीच्या घरांतली मुले उशाशी फोन ठेवून झोपी जातात. दुसऱ्या दिवशी शाळेचा कोच तशा एका मुलाला बोलावतो, समोर वही ठेवतो, आणि चार तासांच्या अंतरावरच्या, मुलाने नावही न ऐकलेल्या एका कॉलेजचा नंबर फिरवतो. तिथल्या संघाचा शॉर्टस्टॉप दोन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडणार, हे त्याने आधीच पाहून ठेवलेले असते.