अर्ज निकालानंतर, तयारी अकरावीत

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत कॉलेजांची चर्चा सुरू होते. माझ्या मते ती दीड वर्ष उशिरा सुरू होते. वस्तीतल्या मुलांचे अर्ज भरून देताना मी पाहतो, की आपला प्रवेश गुणांपेक्षा कागदांवाचून अधिक अडतो.

इंजिनिअरिंग, वैद्यकीय यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागा हवी, तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही; २००० च्या कायद्यानुसार पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांनी शाळेचा दाखला कुठून आणायचा? अशा वेळी कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद किंवा वतनी जमिनीचा जुना उतारा उपयोगी पडतो. ज्या महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल मांडले, त्याच वतनाचा कागद आज पणतवाला कॉलेजचे दार उघडून देतो, ही या व्यवस्थेची थट्टाच! वडिलांकडे, सख्ख्या भावंडांकडे किंवा चुलत्यांकडे वैधता असेल तर काम पुष्कळ सोपे होते. म्हणून विज्ञान शाखेच्या मुलाने हा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत द्यावा. उत्पन्नाचा दाखला मात्र एप्रिलनंतर नवा काढावा.

आता पसंतीक्रम. 'मिळेल तेच वर लिही' असा सल्ला आपल्या मुलांना सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. केंद्रीय प्रवेशफेरीत जागा गुणानुक्रमाने वाटल्या जातात. अवघड कॉलेज वर लिहिल्याने खालचे हातचे जात नाही. उलट पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती घ्यावीच लागते आणि पुढच्या फेऱ्यांची वाट बंद होते. तेव्हा जिथे खरोखर शिकायचे आहे तेच पहिले लिहावे. आणि राखीव म्हणून अर्ज केला तरी गुणवत्तेत बसणाऱ्याचा विचार खुल्या जागेसाठीही होतो, हे आपल्याला कोणी सांगत नाही.

व्यवस्थापन कोट्याच्या मोहात पडू नये. तिथे घेतलेल्या प्रवेशाला भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळत नाही, आणि सारी फी बापाच्या मजुरीवर पडते. एरवी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर ही शिष्यवृत्ती मोठा आधार आहे.

कॉलेज निवडताना राहण्याचा हिशेब आधी मांडावा. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढले, तेव्हा खेड्यातून येणारा मुलगा राहील कुठे, हा प्रश्न त्याला जोडूनच होता. आजही तो सुटलेला नाही. समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज कॉलेजच्या अर्जाबरोबरच भरावा. तिथे जागा मिळाली नाही तर २०१६-१७ पासूनची स्वाधार योजना आहे. तिचे पैसे थेट मुलाच्या बँक खात्यात येतात, पण ते वेळेवर येतील असे धरून चालू नये. पहिल्या चार-सहा महिन्यांच्या खोलीभाड्याची आणि खानावळीची सोय घरातूनच करून ठेवावी.